खुंटीवरचा सात नंबर

१

पहाटे साडेपाचला वेल्लबोडच्या विश्रामगृहातला फोन खणखणला तेव्हा एकनायक गालाला साबण फासून उभा होता. साबणासकटच त्यानं फोन उचलला.

“महत्तया, साहेब, मी स्टेशन मास्तर पियतिलक. तेवढं लगेच येऊन जा. दगडावर कुणीतरी नाव कोरलंय.”

“अहो मास्तर, नावं कोरण्यासाठीच दगड आणलाय ना?”

“अकरा कोरायची होती. आता बारा आहेत.”

एकनायकनं दाढी अर्धीच उरकली आणि छत्री काखेत मारून निघाला. रेल्वेच्या चौकशी खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. वेल्लबोडला तो चौकशीसाठी आलाच नव्हता मुळी. समारंभाला हजर राहायचं, जुनी फाइल मोठ्या साहेबांच्या हातात द्यायची, तिच्यावर ‘बंद’ असा शिक्का बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं कोलंबोला परत, एवढंच त्याच्या मनात होतं. फाइल बॅगेत होती. बॅग खांद्यावर होती.

मालधक्क्याच्या खोलीत काळ्या दगडाची शिळा उभी होती. वरची पांढरी चादर पियतिलकनं बाजूला केली. अकरा नावं कोलंबोच्या पाथरवटानं सुरेख कोरलेली, सोनेरी रंग भरलेली. त्यांच्या खाली, शाळकरी पोरानं बाकावर खरडावं तसं, वाकडंतिकडं बारावं: *मल्लवाराच्चिगे जिनदास, गस्तवाला.*

“घ्या!” दारात उभा असलेला पोलीस सार्जंट म्हणाला. “मेला तरी छळतोय.”

जिनदासचं नाव काढलं की वेल्लबोडमध्ये लोक थुंकत. आठ महिन्यांपूर्वी वादळात समुद्र आत घुसला आणि तीन मैलांवरच्या मोरीखालचा भराव त्यानं धुऊन नेला. दुपारी एक पंचवीसची पॅसेंजर वेल्लबोडहून सुटली, आणि दहा मिनिटांत इंजिन आणि पहिला डबा खाडीत गेले. अकरा माणसं गेली. वादळवाऱ्यात रूळ बघून यायचे आणि धोका असला तर स्टेशनात सांगायचं, हे काम गस्तवाल्याचं. गस्तवाला होता जिनदास. तो सापडला नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. तो गस्तीवर गेलाच नव्हता, घाबरून पळाला, असं चौकशीत ठरलं. ठरवलं ते एकनायकनं. अहवालाखाली त्याचीच सही होती.

“किल्ली कुणाकडे असते?” त्यानं विचारलं.

“माझ्याकडेच, कमरेला,” पियतिलक म्हणाला. त्याच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

“किल्लीचं काय घेऊन बसलात?” सार्जंट म्हणाला. “खिडकीचा गज हलतोय बघा. काल संध्याकाळी त्याची बायको चाफ्याची फुलं घेऊन इथंच घोटाळत होती, दहा जणांनी पाहिलंय. मोठे साहेब नऊला येतायत. नऊ त्रेचाळीसचा मुहूर्त. त्याआधी बाईला ठाण्यात बसवतो, म्हणजे कार्यक्रमात रडारड नको. सरकारी दगड खराब केला म्हणून आतच टाकतो. रेल्वेची खोलीही जाईल तिची.”

“साडेआठपर्यंत थांब.”

“कशाला?”

“मी सांगतोय म्हणून,” एकनायक म्हणाला. हे आपण का म्हणालो, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

२

गस्तवाले आणि गँगमन यांच्या खोल्या स्टेशनामागे ओळीनं होत्या. प्रत्येक दाराशेजारी खिळ्याला तारेनं टांगलेली पत्र्याची नंबरपाटी. चौदा नंबरच्या दारात करुणावती खोबरं किसत बसली होती. उठली नाही.

“या महत्तया. चौथ्यांदा आलात. या वेळी काय, तो पलंगाखाली लपलाय का ते बघायचंय?”

“करुणावती, दगडावर जिनदासचं नाव कोरलंय कुणीतरी.”

किसणीवरचा हात थांबला. तिला आनंद झाला असावा, पण तो दाखवायची सवय गेलेली. “कुणी?”

“पोलीस म्हणतात, तू.”

“मी?” ती हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. “मी कोरलं असतं ना महत्तया, तर पहिलं कोरलं असतं. बारावं कशाला? समुद्रानं सगळ्यात आधी त्यांनाच नेलंय.”

“नाव कसं लिहिलंय माहितेय? मल्लवाराच्चिगे जिनदास.”

“अगंबाई! पूर्ण?” ती खरंच चकित झाली. “हे नाव मी लग्नाच्या कागदावर एकदा पाहिलं, तेवढंच. गावात ते जिने अय्या, म्हणजे जिनेदादा. घरात तर नावच नव्हतं त्यांना, ‘अहो’ होतं. मी कोरलं असतं तर जिने अय्या कोरलं असतं.”

तिनं उठून काळा चहा केला, माडाच्या गुळाचा खडा बशीत ठेवला. घरात दूध नव्हतं. एकनायकनं खडा तोंडात धरला आणि चहा प्यायला.

“तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. साडेदहाला ते निघाले. बिल्ला गळ्यात होता, निशाण काखेत होतं. ‘वारा फार आहे, जाऊ नका’ म्हटलं मी. म्हणाले, ‘मी नाही गेलो तर गाडी जाईल का?’ तुम्ही लिहून घेतलंत, आणि खाली काय लिहिलंत? बायकोची साक्ष, विश्वास ठेवण्याजोगी नाही.” शब्द बरोबर तेच होते. “माझी मुलगी शाळा सोडून बसलीय. तिच्या डब्यात पोरं वाळू टाकतात. बापानं अकरा माणसं मारली म्हणतात.”

एकनायकनं कप खाली ठेवला. 

“त्या दिवशी दोनच्या सुमाराला मास्तरांच्या घरून नारळाच्या दुधातल्या घट्ट दूधभाताची बशी आली होती,” ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. “नव्या घरात राहायला आले होते ना, त्या दुपारी मुहूर्तावर दूध उतू घातलं. वर मिरचीचा ठेचा होता. मी म्हटलं, आले की खातील. बशी झाकून ठेवली. संध्याकाळी कुत्र्यानं खाल्ली.”

बाहेरून सार्जंटच्या मोटारसायकलचा आवाज आला. ती दारासमोरून हळूच गेली आणि ओळीच्या टोकाला जाऊन थांबली.

३

“बसा महत्तया,” पियतिलक म्हणाला. चहा ओतताना अंगठ्यावरच्या फडक्यातली करडी भुकटी टेबलावर सांडली.

ऑफिस नवं रंगवलं होतं. भिंतीवर नवी फळी आणि दोन नव्या खुंट्या. गस्तीची पद्धत जुनीच. वेल्लबोडचा गस्तवाला आपला सात नंबरचा पितळी बिल्ला घेऊन निघे, पलीकडच्या दियगल स्टेशनचा गस्तवाला आठ नंबरचा घेऊन निघे. मध्यावर, मोरीपाशी, दोघं भेटत, बिल्ल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या स्टेशनात परतत. वेल्लबोडच्या खुंटीवर आठ नंबर आला, म्हणजे दोघांची भेट झाली, सगळा रूळ पायाखालून गेला. त्या दिवशी खुंटीवर होता सात. जिनदासचा स्वतःचा. म्हणजे बिल्ला हललाच नव्हता, असं एकनायकनं तेव्हा लिहिलं होतं.

त्यानं फाइल उघडली. चौकशीच्या वेळचा खुंटीचा फोटो वरच होता. बिल्ल्याच्या जागी नुसता चकचकीत गोल. फ्लॅशच्या झगझगाटात आकडा उडाला असणार. खाली त्याच्याच अक्षरात: ‘बिल्ला क्रमांक सात, खुंटीवर.’ बिल्लाही फाइलला बांधलेल्या पाकिटात होता.

“मास्तर, पुन्हा एकदा सांगा. त्या दिवशी काय झालं?”

“मी सकाळी सहापासून ऑफिसात होतो. जिनदास कामावर आला नाही. बिल्ला खुंटीवरून हलला नाही. टेलिफोन बंद पडला होता. वेळापत्रकाप्रमाणे मी एक पंचवीसला ड्रायव्हरच्या हातात कडी दिली.”

एकेरी मार्गावर ही कडी हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. एकनायक फाइलमधल्या जबानीवरून बोट फिरवत ऐकत होता. शब्दाला शब्द जुळत होता, आठ महिन्यांनीसुद्धा. इतकं तंतोतंत माणूस पाठ केलेलंच बोलतो. खरं आठवणारा अडखळतो, मागेपुढे करतो.

“गस्तवाला आलाच नाही, तर वादळात गाडी सोडलीच कशी?”

“ते तुम्ही तेव्हाही विचारलं होतंत. नियमाप्रमाणे गस्तवाल्यानं धोका कळवायचा. कळवला नाही, म्हणजे धोका नाही. तुम्हीच लिहिलंय तसं अहवालात.”

लिहिलं होतं खरं. मास्तरला सांभाळून घ्या, असा तेव्हा वरून निरोप होता आणि एकनायकनं सांभाळून घेतलं होतं. मेलेल्याला सांभाळून घ्या असं कुणीच म्हणालं नव्हतं.

“अंगठ्याला काय झालं?”

“दारात चेमटला.”

“आणि तुम्ही इथे येऊन किती दिवस झाले होते?”

“तीन आठवडे. त्याआधी कोलंबोकडच्या दुहेरी मार्गावर होतो. तिथे ही बिल्ल्यांची भानगड नाही.” तो खिडकीबाहेर बघत होता. “महत्तया, करुणावतीला नेणार का हो?”

“तुम्हाला काय वाटतं?”

पियतिलकनं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. कपाटावर नोकरांच्या नोंदींची जाड वही होती, तिच्यात सगळ्यांची पूर्ण नावं असत. एकनायकची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच थोडी रेंगाळली.

घड्याळात साडेसात वाजत होते. दियगलचा तेव्हाचा गस्तवाला, आठ नंबरचा गुणपाल, अजून विचारायचा उरला होता. तो आता बदलून वेल्लबोडलाच आला होता, जिनदासच्या जागी.

४

गुणपालची खोली त्याच ओळीत, करुणावतीपासून तिसरी. दार उघडं होतं. एकनायकनं पायरीवर पाय ठेवला.

“अहो अहो, महत्तया! आत येऊ नका!” गुणपालची बायको ओले हात झटकत धावत आली. “पोरीला कांजिण्या आल्यात. पाटी दिसली नाही का?”

“कसली पाटी?”

“ही काय! उलटी केलीय ना.” तिनं दाराशेजारच्या पत्र्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. आकडा भिंतीकडे होता, बाहेर नुसता गंजका पत्रा. “उलटी पाटी म्हणजे पुढे धोका आहे, पाऊल टाकू नका. शेंबड्या पोराला विचारा इथल्या. कोलंबोला नाही का असं?”

“नाही. ही कुठली रीत?”

“लाइनवरचीच. आमच्या सासऱ्यांच्या सासऱ्यांपासून. मूळ बिल्ल्यावरून आलीय म्हणतात. गस्तवाला धावतपळत आला आणि सांगायला माणूस नसला, तर बिल्ला उलटा टांगून जायचा, आकडा भिंतीला. पुस्तकात नसेल ते तुमच्या.” ती हसली. “काय झालं महत्तया? पाणी आणू का?”

एकनायक पायरीवरच बसला. बॅगेतून त्यानं फोटो काढला. खुंटीचा रंग दिसत होता, खिळ्याचं डोकं दिसत होतं, भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसत होती. फ्लॅशनं काहीच उडालं नव्हतं. बिल्ल्यावर आकडा दिसत नव्हता, कारण त्या बाजूला आकडा नव्हताच.

मग अहवालात ‘सात’ कुठून आला? त्याला आठवलं. फोटोग्राफर बाजूला झाला आणि नंबर कुठला आहे ते बघायला एका माणसानं हात पुढे करून बिल्ला फिरवला होता. तो हात एकनायकचाच होता.

जिनदास आला होता. स्टेशनात येऊन, बिल्ला उलटा टांगून गेला होता. ‘पुढे रूळ नाही’ असं तो सांगून गेला होता आणि ते वाचून, पुसून, वर त्यालाच पळपुटा ठरवणारा माणूस आता निवृत्तीच्या पेढ्यांचा विचार करत होता. लाज वाटायला वय आड येत नाही, हे एकनायकला त्या पायरीवर पुरतं कळलं.

“काय हो महत्तया?” समोर गुणपाल उभा होता. सकाळची गस्त संपवून आलेला, गळ्यात बिल्ला.

एकनायकनं मान वर केली. “गुणपाल, त्या दिवशी तू मोरीपर्यंत गेलाच नव्हतास. होय ना?”

५

गुणपालचा चेहरा पडला. बायको दारात होती, तिच्यासमोर त्याला खोटं बोलवेना.

“गेलो नाही,” तो म्हणाला. “वाऱ्यानं माणूस उडत होता. मैलभरावरच्या पत्र्याच्या आडोशाला बसून राहिलो. चौकशीत सांगितलं, मी गेलो होतो, तिथे जिने अय्या नव्हता. तुम्ही चटकन मानलंत. मग मीही मानलं.”

“म्हणून बिल्ले बदलले गेले नाहीत. म्हणून तो स्वतःचाच सात घेऊन परतला.”

“परतला?” गुणपालचे डोळे विस्फारले. तो आत गेला आणि मिठानं पांढरी पडलेली हातभर काठी घेऊन आला. टोकाला लाल चिंधी, बुडख्यावर कोरलेला सात. “मोरीच्या दुरुस्तीत सापडली. खांबाच्या लोखंडात अडकली होती. पलीकडच्या बाजूला, महत्तया, दियगलच्या. चार महिने गादीखाली आहे. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर विचारलं असतंत, मग तू कुठे होतास?”

एकनायकनं काठी हातात घेतली. आता सगळं एका ओळीत लागत होतं आणि ते लागू नये असं त्याला फार वाटत होतं.

सार्जंट करुणावतीच्या दारात उभा होताच. “साडेआठ वाजले!”

“त्या बाईला हात लावलास तर तुझी चौकशी मी करीन,” एकनायक असा ओरडला की सार्जंटची टोपी हातातच राहिली.

ऑफिसात पियतिलक एकटाच होता. एकनायकनं दार लावून घेतलं.

“मास्तर, दगडावरचं नाव तुम्ही कोरलंत.”

“मी? मीच तर तुम्हाला फोन केला.”

“म्हणूनच. शिळा तुमच्या खोलीत, चादरीखाली, तुमच्या कुलपात. दुसऱ्या कुणी कोरलं असतं, तर तुम्ही पाथरवटाला बोलावून घासून घेतलं असतंत, कुणाला पत्ता लागला नसता. तुम्ही पोलिसांनाही आधी फोन केला नाहीत, मला केलात. खिडकीचा गज पावसाळ्यापासून हलतोय, त्यातून मांजर जाईल, छन्नी-हातोडा घेतलेला माणूस नाही. स्टेशनात पूर्ण नाव या वहीशिवाय कुठे नाही. आणि अंगठा दारात चेमटला तर नख काळं पडतं, फडक्यातून दगडाची भुकटी नाही पडत.”

पियतिलकनं अंगठा मुठीत लपवला.

“त्या दिवशी तुम्ही ऑफिसात नव्हता. तुमच्या घरी दूध उतू घातलं. पहिलं दूध, नवं घर. धनी चुलीपुढे नसताना ते कुणी घालत नाही. मुहूर्त कितीचा होता?”

पियतिलक खुर्चीत खचला. 

“बारा पंचवीसचा. वीस मिनिटं गेलो महत्तया, वीसच. बायको म्हणाली, वादळ काय रोज येतं, मुहूर्त चुकला तर घराला लागेल. धावत परत आलो तर खुंटीवर बिल्ला! जाताना खुंटी रिकामी होती. मी म्हटलं, चला, आला, गस्त झाली, रूळ ठीक. मी आकडा बघितलासुद्धा नाही. बिल्ला आहे एवढंच बघितलं आणि एक पंचवीसला कडी दिली.” तो तोंड झाकून रडायला लागला. “गाडी गेली तेव्हाही मला कळलं नव्हतं. तुम्ही येऊन सात म्हणालात, बिल्ला हललाच नाही म्हणालात, मला वाटलं, सुटलो. वीस मिनिटं कुणाला सांगायला नको. दोन महिन्यांपूर्वी माझ्या बायकोचे डोळे आले. गँगमनच्या बाईनं न विचारता आमच्या दारावरची पाटी उलटी केली. मी विचारलं, हे काय? तिनं सांगितलं. तेव्हापासून…”

“तेव्हापासून तोंड होतं की तुम्हाला.”

“सांगवेना. म्हणून कोरलं. वाटलं, तुम्ही याल, शोधून काढाल, मग मला सांगावं लागणार नाही.”

“आणि तिला नेलं असतं तर? तेव्हा बोलला असतात?”

पियतिलक गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचीच एकनायकला सगळ्यात जास्त चीड आली.

“तो इथे आला,” एकनायक काठी टेबलावर ठेवत म्हणाला. “ऑफिस रिकामं. बिल्ला उलटा टांगला. त्याच्या लेखी इकडची गाडी थांबली, लाइनवरचा कुठलाही माणूस तेवढ्यानं थांबला असता. काळजी होती पलीकडची. गुणपाल भेटला नव्हता, म्हणजे दियगलला कुणालाच पत्ता नाही. म्हणून तो पुन्हा तीन मैल पळाला, तुटलेली मोरी ओलांडून, तिकडची गाडी अडवायला. आणि तिकडून त्या दिवशी गाडी सुटलीच नव्हती.”

बाहेर ढोल वाजायला लागले. मोठ्या साहेबांची गाडी आली होती.

६

समरकोन साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदा घड्याळ बघितलं.

“एकनायक, तुम्ही हुशार आहात हे मला ठाऊक होतं. आजच इतकं हुशार व्हायची काय गरज होती?”

“साहेब, तो बारावा माणूस आहे.”

“असेल. नंतर बघू ना. आज आठ महिन्यांनी गाडी धावतेय, मासळी शहरात जाईल, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. भिक्खू येऊन बसलेत. मुहूर्ताला कुणी असलं काही उकरतं का?”

“मुहूर्तापायीच गेली ती माणसं.”

समरकोन हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एकनायकनं अर्धा कागद लिहून आणला होता: माझा अहवाल चुकीचा आहे, तो मी मागे घेतो, जिनदासनं आपलं काम केलं. त्यांनी तो वाचला. “बिल्ला कुणी फिरवला, तेही लिहिलंत?”

“लिहिलंय. मीच फिरवला.”

“मग तर नक्कीच नंतर बघू.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. “दोन महिने राहिलेत तुमचे. आणि त्या बाराव्या नावावर चाफ्याची जाडशी माळ घाला रे. पोलिसांना सांगा, तक्रार नाही.”

एकनायकला तिथेच ओरडायचं होतं. ध्वनिक्षेपक चार पावलांवर होता. तो चार पावलं गेला नाही. तेहतीस वर्षं ‘होय साहेब’ म्हटलेल्या माणसाचे पाय ऐन वेळी हलत नाहीत, आणि हे काही तो स्वतःला माफ करायला म्हणत नव्हता.

नऊ त्रेचाळीसला समई लावली. मडक्यातलं दूध उतू गेलं, बायकांनी आनंदानं आवाज केला. चादर सरकली, अकरा नावं वाचली गेली, अकरा घरची माणसं रडली. माळ जागच्या जागी राहिली. पियतिलकनं इंजिनापाशी जाऊन कडी वर धरली. क्षणभर तो तशीच धरून उभा राहिला, गर्दीकडे वळला, त्याचे ओठ हलले. समरकोन साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं कडी दिली. गाडी सुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दूधभाताच्या वड्या वाटायला सुरुवात झाली.

एकनायक मागच्या बाजूनं खोल्यांच्या ओळीकडे गेला. करुणावती दारातच होती. समारंभाला ती गेली नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं.

त्यानं पाकिटातला बिल्ला काढला, काठीही पुढे केली. “करुणावती, बिल्ला खुंटीवर उलटा होता.”

तिनं काठीकडे पाहिलं, बुडख्यावरच्या सातावरून अंगठा फिरवला. “म्हणजे ते आले होते.”

“आला होता. सांगून गेला होता. मास्तर नव्हते. मग तो पलीकडच्या गाडीसाठी धावला.”

“उलटा होता तर चौकशीत सरळ कसा झाला?”

“मी फिरवला. आकडा वाचायला.”

ती रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“आता नाव राहील दगडावर?”

“माळ घातलीय. मी लिहून दिलंय. साहेब म्हणतात, नंतर बघू.”

“तीनदा आलात महत्तया याआधी,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा विचारलंत, पळून कुठे गेला? कुणाकडे लपला? एकदा, नुसतं एकदा विचारलं असतंत, बिल्ला कसा टांगलेला होता गं? या ओळीतल्या कुठल्याही बाईनं चुलीपुढून न उठता सांगितलं असतं. माझ्या पोरीनंसुद्धा सांगितलं असतं.”

“मला माहीत नव्हतं.”

“मग विचारायचं होतं.”

तिनं त्याच्या हातातून बिल्ला घेतला, काठी घेतली आणि आत गेली. लांब मोरीपाशी गाडीनं शिट्टी दिली, फार वेळ. एकनायक दाराशी थांबला. आत जाऊन मुलीला स्वतः सांगावं, निदान तिची तरी माफी मागावी, असं त्याच्या मनात होतं. त्यानं पायरीवर पाय ठेवला.

करुणावती बाहेर आली. त्याच्याकडे न बघता तिनं दाराशेजारची चौदा नंबरची पाटी तारेवर फिरवली, आकडा भिंतीकडे केला आणि दार लावून घेतलं.

एकनायकनं पायरीवरचा पाय खाली घेतला.